अर्धा तास

कळसाडीच्या चुनीलालच्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. झटक्यानंतर डॉक्टरांनी माझ्या या मित्राला घरातली व्यायामाची सायकल चालवायला सांगितली होती. त्यानं लिहिलं होतं, 'या उकाड्यात चार मिनिटांत जीव घाबरतो. मी संपलो बहुतेक. तू तर रोज अर्धा तास चालवतोस, मग अंग थंड कसं ठेवतोस?'

मी कूलर जवळ ओढला, मानेवर ओला पंचा घेतला आणि पायडल मारू लागलो. पाचव्या मिनिटाला धापा टाकत उतरलो.

बायको चिडली. "आजबी पाचच मिनिटं! आते तरी खरं लिखा. चुनीभाऊ तठे घाबरी ऱ्हायना!" तिकडे चुनी घाबरतोय, हे तिचं खरंच होतं.

'माझा अर्धा तास खोटा होता, चुनी. मीही पाचव्याला उतरतो,' एवढंच लिहिलं आणि विचार बदलायच्या आत पत्र पेटीत टाकलं.