डॅशबोर्डवरचा ओरखडा

देवगडात नवरा-नवरी मिरवायला दिगंबरच्या आजोबांची जुनी मोटारच सगळ्यांना हवी असे. महिनाभर खपून त्याने तिचा लाकडी डॅशबोर्ड, दारांच्या पट्ट्या, स्टिअरिंग, सगळं घासून पॉलिश केलं. आणि पहिल्याच दिवशी डॅशबोर्डवर बायकोच्या बांगडीचा ओरखडा उठला. दाराची काढून टाकलेली जुनी पट्टी तिथेच पडली होती. ती मोडेपर्यंत त्याने शर्मिलाला झोडपलं.

"उद्या ह्यो ओरखडो माका दिसलो, तर हात मोडतलंय तुजे! नायतरी ते काय कामाचे?"

लग्नाआधी वेंगुर्ल्याच्या काजूच्या कारखान्यात काजी फोडून काळ्या, राठ झालेल्या तिच्या हातांची त्याला लाजच वाटायची.

सकाळी गाडी बघून मात्र तो खूश झाला. ओरखडा गायब, आणि सगळ्या लाकडावर, अगदी स्टिअरिंगवरसुद्धा, तेलाचा गडद हात फिरलेला. थोडं चिकट लागत होतं, पण बायको वठणीवर आली या खुशीत तो दिवसभर वऱ्हाड घेऊन हिंडला.

दुसऱ्या दिवशी त्याचे दोन्ही तळवे फोडांनी भरले, कातडी सोलवटून निघाली.

"काय फासलंस गो त्या लाकडाक?" तो बोंबलला. चहाचा कपही धरवेना, तेव्हा शर्मिलानेच तो त्याच्या ओठांना लावला.


"काजीच्या टरफलाचा तेल. माज्या हातांका तेची सवय झाली. मारतच रवलात, तर तुमच्या हातांका पण होतली."