कॅप्टनसाहेबांची मान

"चाक हललं की पगार चालू, चाक थांबलं की बंद! तुम्ही वैमानिक ठेवताय की सायकली भाड्यानं देताय?"

सगळ्यांत उंच पोरानं, लंबूनं, हे थेट विमान कंपनीच्या भरतीसाहेबांच्या तोंडावर म्हटलं आणि खोलीतले सगळे नवे वैमानिक हसले. ती हसली नाही. तिच्यासमोर करारपत्र होतं आणि हातात उघडं पेन.

भरतीसाहेबही हसले. असल्या माणसांना हसण्याचाच पगार असतो.

"अहो, सुरुवात आहे. सुरुवातीला पोटाला चिमटा सगळ्यांनीच काढलाय. ज्याला नको असेल त्यानं खुशाल उठावं. बाहेर खुर्च्या भरल्यात."

कोणी उठलं नाही. उठणार कसं? विमान शिकायचं म्हणजे घरदार पणाला लावून शिकायचं. तिच्या बाबांनी त्यापायी स्वतःची टॅक्सी विकली होती, आता दुसऱ्याची चालवत होते. सकाळी त्यांनीच तिला इथे सोडलं. वाटेत ती पगारावरून कुरकुरली, तर म्हणाले, "मीटर पाडल्याशिवाय मला तरी कोण देतं गं? पदरी पडलं पवित्र झालं म्हण आणि सही करून मोकळी हो." ती उतरली तरी त्यांनी गाडी हलवली नाही. काच खाली केली. "फक्त एक. डोळे जड झाले की मी गाडी कडेला घेतो. मालक गेला खड्ड्यात. तुला वर कडेला कुठे घेता येणार, तेवढं विचारून घे."

भरतीसाहेब एकेक अट वाचत होते. विमानतळावर ताटकळण्याची वेळ कामात धरणार नाही. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर यावं लागेल. उड्डाणाआधी 'मी थकलोय' असं सांगण्याचा प्रत्येकाला पूर्ण हक्क आहे. फक्त त्या उड्डाणाचे पैसे मिळणार नाहीत, आणि बढतीच्या वेळी त्याचा विचार होईल.

त्यांच्या शेजारी कॅप्टनसाहेब बसले होते. कंपनीतले सगळ्यात जुने. पांढराशुभ्र शर्ट, काळा चष्मा, हाताची घडी. कोपराजवळ कॉफी, तिच्यावर साय धरलेली. भरतीसाहेब अट वाचत, आणि कॅप्टनसाहेबांची मान हळूच खाली जाऊन वर येई.

"हे बघा," भरतीसाहेब म्हणाले, "साहेबांनी याच अटींवर केस पांढरे केलेत. सकाळचं विमान उतरवून सरळ इकडे आले. दुपारी परत निघायचंय. मधली विश्रांतीची वेळ त्यांनी तुमच्यासाठी दिली. आहे का चेहऱ्यावर काही? किती शांत! वैमानिक म्हणतात तो याला."

कॅप्टनसाहेबांची मान हलली.

तिचा जीव भांड्यात पडला. एवढा मुरलेला माणूस हो म्हणतोय, तर आपण कोण लागून गेलो? तिनं पेन कागदाला टेकवलं. आणि सवय आडवी आली.

ही सवय विमान शिकताना हाडीमाशी भिनते. जमिनीवरून सूचना आली की नुसतं 'हो' चालत नाही. ऐकलं ते आपल्या तोंडानं परत म्हणायचं. ते चुकलं नाही ना, हे सांगणाऱ्यानं पडताळायचं. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. आणि शेजारच्या वैमानिकाला दोनदा विचारूनही उत्तर आलं नाही, तर तो शुद्धीवर नाही असं धरायचं आणि विमान आपल्या हाती घ्यायचं. मग तो कितीही मोठा असो.

"मी एकदा परत म्हणते," ती म्हणाली. "विमानतळावर दिवसभर बसले, तर ते काम नाही. थकले म्हणाले, तर माझ्या पोटावर पाय. आणि थकूनही बोलले नाही, तर मागे बसलेल्यांचा जीव टांगणीला. बरोबर?"

"अहो ताई, असं कुठे लिहिलंय?" भरतीसाहेब म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं. जे विमान उडवतात त्यांना विचारतेय. कॅप्टनसाहेब, बरोबर?"

कॅप्टनसाहेबांची मान खाली गेली.

"घ्या! झालं समाधान?" भरतीसाहेब म्हणाले. "करा आता सही."

ती त्या मानेकडे बघत राहिली. मान वर आली नाही.

"कॅप्टनसाहेब, बरोबर?"

काळा चष्मा नाकावरून घसरला आणि टेबलावर पडला. आतले डोळे मिटलेले होते. खोलीत एक बारीक घोरणं ऐकू आलं, झोपलेल्या बाळाच्या नाकात वाजतं तसं. लंबूला हसू फुटलं आणि अर्ध्यावरच विरलं.

भरतीसाहेबांचा चेहरा उतरला. "उठवा हो त्यांना कोणीतरी," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"नको," ती म्हणाली. "झोपू द्या. विश्रांतीची वेळ आहे त्यांची."

तिनं कॅप्टनसाहेबांच्या कोपराजवळची कॉफी अलगद बाजूला सरकवली. चष्मा उचलून नीट ठेवला. मग पेनाला टोपण लावलं आणि सही न केलेलं करारपत्र भरतीसाहेबांच्या पुढ्यात सारलं. तिला बाबांची विकलेली टॅक्सी आठवली. बाहेरच्या भरलेल्या खुर्च्याही आठवल्या. तरी तिनं कागद परत ओढला नाही.

"दोनदा विचारलं. उत्तर आलं नाही," ती शांतपणे म्हणाली. "आता दुपारचं विमान कोण नेणार, ते तुम्ही सांगा. आणि साहेब, मान हलवू नका. तोंडानं बोला."