बरोबर उत्तर

विद्यापीठात नव्यानं लागलेल्या आम्हा सगळ्यांचं त्या दिवशी सुरक्षेचं ट्रेनिंग होतं. शेवटी कॉम्प्युटरवर परीक्षा, आणि सगळे पास झाल्याशिवाय नेमणुकीची ऑर्डर कुणालाच मिळणार नव्हती. आमचं कधीच उरकलं होतं. हॉलमध्ये नुसती चुळबूळ चालली होती आणि तिकडं स्टँडवर माझी सोयगावची बस सुटायला आली होती.

अडली होती ती एकटी सायली, तेही शेवटच्या प्रश्नावर. 'गेल्या वर्षी आपल्याच आवारात खांबावर काम करताना शॉक लागून वायरमन दगावला. चूक कुणाची?' ट्रेनिंग घेणाऱ्या शंतनू सरांनी उत्तर सकाळीच सांगून ठेवलं होतं: वायरमनची. ही मात्र दर वेळी 'लाइन चालू करणाऱ्याची' दाबायची आणि स्क्रीन लाल व्हायची.

शेवटी मी उठलो आणि तिच्यामागं जाऊन उभा राहिलो. "ताई, दाबा ना 'वायरमनची'. त्यो काय आता उठून भांडायला येणाराय व्हय?"

मागं दोघंचौघं हसले. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बराच वेळ माऊसवर बोट तसंच ठेवलं, मग दाबलं. स्क्रीन हिरवी झाली. कुणीतरी टाळी वाजवली.

शंतनू सरांनी पहिली ऑर्डर तिच्याच हातात दिली आणि अगदी मायेनं म्हणाले,



"बेटा, वडलांच्या जागेवर लागलीस. त्यांनी केली ती चूक तू करू नकोस."