उल्हासकाकांचा होकार

“बरोबर आहे तुझं,” उल्हासकाका म्हणाले, आणि टेबलावरचा वाद एकदम थांबला.

कॅनडातल्या कोक्विटलाममधलं ते कॉफी शॉप शनिवारी दुपारी नुसतं गजबजलेलं असायचं. खिडकीजवळच्या टेबलाभोवती फ्रेझर हेरन्सचे चाहते जमायचे. हेरन्स ही त्यांची फुटबॉलची टीम. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्याला आडवं पाडायचं, ते इकडचं फुटबॉल. त्या दिवशी विषय तापला होता. क्लब जुन्या स्टेडियमवर छप्पर घालणार होता, रुंद खुर्च्या बसवणार होता. नंदनचं म्हणणं, हे सगळं राहू दे. आधी अनुभवी क्वार्टरबॅक आणा. डाव आखणारा आणि चेंडू फेकणाराच कच्चा असेल तर छपराखाली बसून काय बघायचं, आपली हार? आत्ताचा तो तेवीस वर्षांचा डॅरिल, त्याला बाकावर बसवा.

आणि काकांनी होकार दिला होता.

डॅरिल म्हणजे काकांचा जीव की प्राण. शिवाय नागपूरहून येऊन तीस वर्षं पुलांची डिझाइन्स केलेला हा बाहत्तर वर्षांचा इंजिनिअर कुणाचंच म्हणणं सहजासहजी मान्य करत नसे. नंदनचं तर कधीच नाही.

“काका, डॅरिलला बसवायचं? तुम्ही म्हणताय हे?” नंदनने विचारलं.

“हो, हो,” काका हसले. “मंगळवारी.”

कुणी हसलं नाही. रिटायर्ड बस ड्रायव्हर ब्रायन आपल्या कपात बघत राहिला. काकांना न्यायला आलेली त्यांची मुलगी अनुया खुर्चीमागे उभी होती.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. हिवाळ्यापासून असंच चाललं होतं. मायक्रोवेव्ह वाजून वाजून थांबायचा आणि दूध आतच राहायचं. ते फोन उचलायचे नाहीत. नातीने शाळेच्या कॉन्सर्टला बोलावलं, तर आनंदाने मान डोलावली आणि गेलेच नाहीत. आई गेल्यापासून ते काँडोमध्ये, आपल्या फ्लॅटमध्ये, एकटे राहत. अनुया फार्मसिस्ट होती. स्मरणशक्तीच्या गोळ्या ती रोज कुणाच्या ना कुणाच्या हातात देत होती. तो आजार पुढे कुठवर जातो, हे तिला ठाऊक होतं. तिने नवऱ्याला बेसमेंटची खोली रिकामी करायला सांगून ठेवलं होतं. बाबांना मात्र ती काही बोलली नव्हती.

त्या शनिवारनंतर तिने डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरीणबाईंना सर्दी झाली होती, म्हणून त्यांनी मास्क लावला होता. त्यांनी पाच इंग्रजी शब्द सांगितले आणि लगेच म्हणून दाखवायला सांगितले. कोट, लेक, चेअर, पेन, रोझ.

“बोट, केक, बेअर, हेन, नोज,” काका आत्मविश्वासाने म्हणाले.

अनुयाने डोळे मिटून घेतले. एकही शब्द बरोबर नव्हता. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. मग एका कागदावर लिहून दिलं: घड्याळाचं चित्र काढा. काकांनी पट्टीने आखल्यासारखं काढलं. दहा मिनिटं गेली. बाईंनी पुन्हा कागद पुढे केला: मघाचे पाच शब्द?

“बोट, केक, बेअर, हेन, नोज.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. अनुयाकडे वळून त्या म्हणाल्या, “तेच पाच शब्द, त्याच क्रमाने. तुमचे वडील काहीही विसरलेले नाहीत. त्यांना ऐकूच आलेलं नाही.”

अनुयाला आधी ते समजलंच नाही. मग समजलं. काका दोघींकडे आळीपाळीने बघत होते. “काय झालं?” असं त्यांनी तेव्हाही विचारलं नाही.

कानांची तपासणी झाली. महिन्याभरात दोन्ही कानांत नखाएवढी यंत्रं आली. पहिले दोन दिवस काका फ्रिजच्या घरघरीवरही वैतागले. शनिवारी मात्र वेळेआधीच तयार होऊन बसले.

नंदनने बिचकतच विषय काढला. छप्पर नको, क्वार्टरबॅक हवा. काकांनी त्याला पुरतं बोलू दिलं आणि मग सुरुवात केली. छपराचं वजन जुने खांब कसे पेलतील, ते त्यांनी पेपर नॅपकिनवर काढून दाखवलं. डॅरिलने गेल्या तीन सामन्यांत कितीदा अचूक फेक केली, ते तोंडपाठ सांगितलं. “पोराला दोन सीझन द्या. आणि पावसात भिजून लोक घरी बसतात, त्यांना छप्पर द्या. तुला दोन्हीतलं काही कळत नाही, नंद्या!”

“काका, तुम्ही हट्टी आहात,” नंदन म्हणाला आणि उठून त्याने त्यांना मिठीच मारली. ब्रायनने नाक शिंकरलं. अनुया वॉशरूममध्ये जाऊन मनसोक्त रडली आणि तोंड धुऊन परत आली.

घरी जाताना गाडीत काका खुशीत होते. इंडिकेटरची टिकटिक ऐकून ते स्वतःशीच हसले. सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा अनुयाने इतके दिवस मनात राहिलेला प्रश्न विचारला.

“बाबा, ऐकू येत नव्हतं तर सरळ ‘काय म्हणालीस?’ असं विचारायचं ना! सगळ्याला हो काय म्हणत होतात? माझा जीव किती घाबरा झाला होता!”

काका तिच्याकडे वळले.

“तुझी आजी, माझी आई, शेवटी शेवटी हेच विचारायची, दर दोन मिनिटांनी. ‘काय म्हणालास?’ मग एक दिवस तिने मला ‘तू कोण?’ असं विचारलं. तू तेव्हा लहान होतीस, तुला कधी सांगितलं नाही. मला वाटलं, आता माझी पाळी आली.” त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. “तू घाबरू नयेस म्हणून मी आपला सगळ्याला हो म्हणत राहिलो.”