विहिणीचा टाका

मुलगी लग्नाचा पोशाख घालून स्टुलावर उभी होती, खांद्याची शेवटची शिवण तेवढी घालायची राहिली होती. आणि नेमक्या तेव्हाच तिच्या होणाऱ्या सासूबाई दुकानाच्या पायऱ्या चढू लागल्या.

"बाहेरच थांबा!" शिंपीणबाई ओरडल्या आणि त्यांनी खसकन पडदा ओढला. लेकीचा पोशाख त्या स्वतः शिवत होत्या. लग्नाआधी तो सासरच्या माणसाच्या नजरेला पडला, तर संसाराला दृष्ट लागते, असं त्यांच्याकडे मानायचे.

विहीणबाई पडद्याबाहेरच खुर्ची ओढून बसल्या. "सहज नाही आले मी. आमच्यात पोशाखाचा शेवटचा टाका सासू घालते. त्याशिवाय सून घरची होत नाही."

"न बघता कसा घालणार?"

"बघूनच घालणार ना!"

"मग नाही जमायचं."

"मग मी आमच्या माणसांना काय सांगू?"

लग्न चार दिवसांवर आलं होतं. आतापर्यंत सगळं गोडीगुलाबीनं मिटलं होतं. त्यांच्यात लग्न सकाळी लागतं, यांच्यात संध्याकाळी, ठरलं दुपारी. त्यांच्यात नवरी पुढे चालते, यांच्यात नवरा. ठरलं, दोघं बरोबरीनं चालतील. पण बघणं आणि न बघणं, यांच्या मधलं काय काढायचं?

शिंपीणबाई लेकीच्या खांद्याची शिवण उगाच चाचपू लागल्या. खरं तर आपल्या शिवणीला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. पण हे विहिणीला कसं सांगणार?

"तुमचं चालू द्या," स्टुलावरून लेक म्हणाली. "माझे पाय भरून आलेत. लग्न इथेच लावायचं असेल तर नवऱ्यालाही एक स्टूल आणा."

पडद्याच्या दोन्ही बाजूंना हसू फुटलं.

"अहो," विहीणबाई एकदम म्हणाल्या, "माझे डोळे बांधा की!"

शिंपीणबाईंनी अस्तराची पट्टी घेतली, बाहेर जाऊन चांगली आवळून बांधली, आणि तीन बोटं पुढे धरली. "किती?"

"सात."

मग त्यांनी विहिणीला हाताला धरून आत आणलं. हात गार पडला होता. एवढ्या तोऱ्यात आलेली ही बाई घाबरलीय, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी सुईत दोरा ओवला, विहिणीची बोटं खांद्याच्या शिवणीवर नेऊन ठेवली आणि वरून आपला हात धरला.

"आई गं!"

"टोचलं का सुनेला?" विहीणबाई दचकल्या.

"तिला नाही, मला."

"मग चालेल."

लेक इतकी हसली की स्टूल डुगडुगलं. दुसऱ्या खेपेला विहीणबाई म्हणाल्या, "आता सोडा हात." शिंपीणबाईंनी क्षणभर विचार केला आणि हात सोडला. सुई चाचपडत आत गेली, चाचपडत बाहेर आली. गाठ पडली.

"कसा आलाय?"

शिंपीणबाईंनी वाकून पाहिलं. टाका रस्ता सोडून पार शेजारच्या शेतात गेला होता.

"अगदी सरळ," त्या म्हणाल्या.

"काहीतरीच!" पट्टी न काढताच विहीणबाई खो खो हसल्या. "उघड्या डोळ्यांनीसुद्धा माझा टाका कधी सरळ आलेला नाही."