खालची चपाती

इंद्रलोक वसाहतीतल्या इशिताचा टिफिनचा धंदा बसत चालला होता. फोन केला की गिऱ्हाईक म्हणायचं, "जेवण एकदम छान." आणि पुढच्या महिन्यात डबा बंद.

त्यात भांडीवाली सोडून गेली, म्हणून काशीगावच्या सत्यवतीमावशी आल्या. साठीच्या मावशींना बघून इशिताने तोंड वाकडं केलं. "मावशी, रोजचे चाळीस डबे. झेपतील?"

"बावीस वर्षं कंपनीच्या कॅन्टीनात ताटं घासली," म्हणत मावशींनी पदर खोचला आणि परत आलेले डबे उघडायला घेतले. एक, दोन, पाच, दहा. घासायचं नावच नाही.

"मावशी, बघताय काय नुसतं?"

"सगल्यांनी एकेक चपाती टाकलीय."

"डाएट करतात हो आजकाल."

"डाएट न्हाय. बघ ना, सगल्यांनी खालचीच टाकलीय." मावशींनी एक चपाती उचलली. ओली गच्च. "गरमागरम भरून लगेच झाकन लावतेस. वाफेचं पानी होऊन खाली उतरतं. गार करून भरत जा."

इशिता त्या चपातीकडे बघतच राहिली. वर्षभर हे डबे तिच्याच डोळ्यांसमोर घासले जात होते.

"मावशी, उद्यापासून तुम्ही भांडी नका घासू. माझ्यासोबत किचन सांभाळा."

"किचन तू सांभाळ, बाय. मी हितंच बरी." मावशींनी पुढचा डबा उघडला. "तोंडावर सगलेच छान बोलतात. खरं काय ते हितं परत येतं."