तीन तारखा

सतरा सप्टेंबर, सहा ऑक्टोबर, पंचवीस सप्टेंबर. चारुताने तिन्ही तारखा पुन्हा एकदा फोनवरच्या पंचांगात घातल्या आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. भाद्रपद वद्य नवमी. अविधवा नवमी.

"अगं बाई!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज आला, "काय गं, सापडला की काय खुनी?"

"नाही हो बाबा. चालू द्या तुमचं."

बाबा म्हणजे तिचे सासरे, हरिहरराव. महिन्यापूर्वी नाशिकहून इथे परदेशात, डीमनला मुलाकडे आले आणि दुसऱ्या दिवसापासून ओटा त्यांनी ताब्यात घेतला. सुनेच्या नादाची त्यांना भारी गंमत वाटायची. "दोन घास खाऊन घे, मुडदे कुठे पळून जात नाहीत," म्हणायचे.

नाद होताच तसा. ऑस्ट्रेलियात पोर्ट वेस्लन नावाचं एक बंदर. तिथे २०१४पासून ओळीने तीन वर्षं, याच तीन तारखांना, तीन बायकांचे गळे आवळून खून झाले आणि खुनी काही सापडला नाही. जगभरातले शे-दीडशे हौशी लोक इंटरनेटवर गट करून त्यावर डोकं चालवत होते. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेली, नोकरीचे अर्ज करून करून विटलेली चारुताही त्यात घुसली. कारण एवढंच, की लग्नाआधी तिचा नवरा संजीव तीन वर्षं त्याच गावात होता. बंदराच्या सॉफ्टवेअरचं काम करत होता.

गटाने शाळांच्या सुट्ट्या लावून पाहिल्या, बोटींची वेळापत्रकं लावून पाहिली. तारखांचा मेळ बसेना. बसणार कसा, डोंबल? त्यांच्यातलं पंचांग उघडणार कोण? चारुतानेही उघडलं नसतं. पण आज नवमी, संजीव आईच्या श्राद्धाला नाशिकला गेलेला, आणि ही मेली नवमी कधी सप्टेंबरात तर कधी ऑक्टोबरात कशी येते म्हणून तिने सहज मागची वर्षं चाळली.

आता तिला दुसरी गोष्ट आठवली. त्या तिघी मरण्याआधी भरपेट जेवल्या होत्या. कोणाकडे, ते पोलिसांना कधीच कळलं नाही. तिघी नवरा असलेल्या. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने या दिवशी सवाष्ण जेवू घालतात.

"बंदरावर कामाला मराठी माणूस मी एकटा," संजीव अभिमानाने सांगायचा.

सात वर्षांचा संसार. हा माणूस कोळी सापडला तर कागदावर घेऊन गॅलरीत सोडून येतो. तिने स्वतःला दोनदा शिव्या घातल्या आणि तरीही गटासाठी मजकूर लिहायला घेतला. 'खुनी हिंदू पंचांग पाळणारा असावा.' पण बटण दाबलं नाही. हे पाठवलं की पोलीस आठवड्याभरात दारात उभे राहतील. नाही पाठवलं, तर परवा संजीव परत येणार आणि तिला त्याच्या शेजारी झोपावं लागणार.

तिने फोन पालथा ठेवला आणि कपाट उपसायला सुरुवात केली. संजीवचा कोपरा कापलेला जुना पासपोर्ट फायलींच्या तळाशी होता. तिने भराभरा शिक्क्यांची पानं काढली.

मुंबई, आगमन, चौदा सप्टेंबर. प्रस्थान, वीस. पुढच्या वर्षी आगमन तीन ऑक्टोबर, प्रस्थान नऊ. त्याच्या पुढच्या वर्षी बावीस सप्टेंबर ते एकोणतीस.

तिन्ही नवम्यांना संजीव भारतात होता!

चारुता पलंगाच्या कडेला बसली आणि ढसाढसा रडली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि हसूही आलं. तिने तोंड धुतलं आणि नाशिकला फोन लावला.

"झालं का रे श्राद्ध?"

"आत्ताच. गुरुजी गेले, आता जेवतोय. तुझा आवाज असा का येतोय?"

"काही नाही. तुझी आठवण आली." ती पुन्हा रडायच्या बेतात होती. "तू ऑस्ट्रेलियातूनही दरवर्षी जायचास ना नवमीला? एवढ्या लांबून?"

"न जाऊन सांगतो कोणाला? बाबा बसूच द्यायचे नाहीत. श्राद्ध नाशिकच्या घरातच झालं पाहिजे आणि मुलानेच केलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. स्वतः मात्र त्या दिवशी त्या घरात पाऊल टाकणार नाहीत."

"मग ते कुठे असायचे?"

"कुठे म्हणजे? माझ्याकडेच, वेस्लनला. आई गेल्यावर तीन वर्षं पितृपक्षात माझ्याकडेच यायचे. तुला सांगितलं नव्हतं का कधी? हॅलो? चारुता?"

बेडरूमचं दार हलकेच ढकललं गेलं. हरिहरराव ओले हात पंच्याला पुसत उभे होते.

"चल, पान वाढलंय," ते मायेने म्हणाले. "आज सवाष्ण तूच."